दिंडोरीच्या वाइनरीची वेबसाइट

आज दिवसभर दिंडोरीच्या एका वाइनरीत होते, नव्या वेबसाइटच्या कामासाठी. मालकांना पहिल्या पानावर ओकची पिंपं आणि पदकं हवी होती. म्हटलं, काका, पंचविशीतली मुलं मोबाइलवर आधी बघतात ते टेस्टिंग केवढ्याला, बुकिंग कसं आणि नाशिकहून यायचं कसं. ते सगळ्यात वर हवं. शेनिन ब्लां म्हणजे काय, हेही सोपं सांगूया: थंड करून प्यायची पांढरी वाइन, कांदाभजीसोबत फार छान लागते!

आणि युरोपात द्राक्षतोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. छाटणी, थंडीतल्या वेली, तोडणीला येणाऱ्या बायका, यांचे फोटो का नाहीत कुठेच? काकांनी लगेच फोनमधले छाटणीचे व्हिडिओ दाखवले. त्यातला एक उद्याच पहिल्या पानावर चढवतेय.