पत्रे भराभर लागले, अडलं ते खिडकीपाशी

वर्कशॉपच्या भिंतींना पत्रे लावायला घेतले, तर निम्मा वेळ एका खिडकीने खाल्ला. म्हणून आधी तिचंच सांगतो.

पत्रा पालथा घालून कापायचा, म्हणजे रंगावर ओरखडे येत नाहीत. पण पालथा घातला की डावं-उजवं उलटतं. भोक दुसऱ्याच टोकाला पडलं आणि अख्खा पत्रा वाया गेला. आता मागच्या बाजूवर बाण काढून 'वर' लिहितो, शेजारच्या पत्र्यावर चढणाऱ्या, म्हणजे लॅपच्या कडेला 'लॅप' लिहितो, मगच टेप लावतो. माप काठापासून घ्यायचं नाही. आधी बसवलेल्या पत्र्याच्या शेवटच्या उंचवट्याच्या मध्यापासून चौकटीपर्यंत घ्यायचं, कारण नव्या पत्र्याचा पहिला उंचवटा त्याच्यावरच बसतो. चौकट काटकोनात असेलच असं धरू नका. वर आणि खाली वेगवेगळं मोजा. चारही बाजूंना ५-६ मिमी मोकळीक हवीच.

त्याहून जास्त त्रास फ्लॅशिंगने, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून चौकटीभोवती लावायच्या वाकवलेल्या पट्ट्यांनी दिला. आधी खालची पट्टी, मग बाजूच्या दोन, शेवटी वरची. वरची पट्टी दोन्हीकडे ५० मिमी जास्त लांब, आणि तिची उभी बाजू पत्र्याच्या मागे गेली पाहिजे. म्हणजे ती पत्र्याच्या आधीच आडव्या गर्टला (ज्यावर पत्रे स्क्रूने बसतात त्या सांगाड्याच्या पट्टीला) ठोकायची. मी ती पत्रे लावून झाल्यावर बाहेरून बसवली आणि फट सिलिकॉनने भरली. पहिल्याच जोरदार पावसात पाणी थेट चौकटीत. तिथले स्क्रू काढून सगळं पुन्हा केलं, तेव्हा गळती थांबली. सिलिकॉन वापरायचंच तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं जस्त खातं.

कापायला ग्राइंडर नकोच. उष्णतेने काठावरचं जस्त आणि रंग जळतो, ठिणग्या शेजारच्या पत्र्यात रुततात आणि काही दिवसांत तिथे तांबडे ठिपके उठतात. सरळ कापाला पत्र्याची कात्री, उंचवटे आडवे कापायला निबलर, म्हणजे बारीक तुकडे तोडत पत्रा कापणारं यंत्र. निबलरचा चंद्रकोरीसारखा चुरा लगेच झाडून काढा, नाहीतर तोही गंजून डाग पाडतो.

बाकी कामाला वेळ लागला नाही. पहिला पत्रा मात्र ओळंब्यात हवा. प्रत्येक पत्र्याला ३ मिमी सरकलं तर दहाव्याला ३० मिमीचा तिरकेपणा दिसतो. नेहमीचा वारा जिकडून येतो तिकडे लॅपचं तोंड येऊ देऊ नका. भिंतीवर स्क्रू खोलगट भागात, गर्टच्या मधोमध मारायचा. त्यासाठी दोरी ताणून रेघ मारून घ्या. रबरी वॉशर टोपीच्या काठाबाहेर जेमतेम डोकावला की ड्रिल थांबवा. चपटा होऊन पसरला तर तो फाटतो आणि तिथूनच गळतं.

आणि हो, पत्र्यावरची प्लास्टिकची फिल्म त्याच दिवशी सोला. उन्हात राहिली की ती चिकटते आणि मग नखानेही निघत नाही.