अध्यात ना मध्यात

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, रात्री पावणेबारा

कालचं ते वाक्य कानातून जातच नाहीये. वन्संचा मुलगा बोलला. दहावीतलं पोरगं, त्याच्या मनात काही नव्हतं. फिनाले सुरू व्हायच्या आधी सगळे हॉलमध्ये बसले होते आणि आपल्यापैकी कोण बिग बॉसच्या घरात किती टिकेल यावर चर्चा रंगली होती. आईंना सगळ्यांनी एकमताने टॉप फाइव्हमध्ये नेलं. ह्यांना कॅप्टन केलं. माझं नाव निघाल्यावर तो म्हणाला, "मामी पहिल्याच आठवड्यात बाहेर. ती कुणाशी भांडतच नाही, तिला दाखवणार कोण?"

सगळे हसले. हेसुद्धा. वन्सं म्हणाल्या, "वहिनी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात." मी भगर बघते म्हणून आत गेले. गॅस मी मघाशीच बंद केला होता.

तिला दाखवणार कोण.

२८ जुलैपासून सत्तर दिवस मी हा सीझन पाहिलाय, रोज रात्री ओटा पुसून झाला की. त्यामुळे पोरगं चुकीचं बोललं नाही हे मला कळतं, आणि लागलंय ते त्यामुळेच. तिथे चोवीस तास कॅमेरे असतात, पण आपल्यापर्यंत येतो तो तास-दीड तास. त्यात पोळ्या लाटणारी बाई येत नाही. पिठावरून वाद झाला तर येते. आणि नॉमिनेशन! घराबाहेर काढायला कुणाचं नाव घ्यायचं तर कारण द्यावं लागतं. ज्याच्याशी उघड वैर आहे त्याचं नाव घ्यायला छाती लागते, तो उद्या उलटून अंगावर येतो. म्हणून मग गरीब स्वभावाचा माणूस शोधायचा आणि म्हणायचं, "तुझा गेम दिसत नाही, तुझं योगदान कमी पडतंय." वर मिठीही मारायची. हे बघताना दर वेळी माझ्या पोटात कालवतं. इतकी वर्षं या घरात राबले, आणि माझ्याबद्दल सांगण्यासारखं कुणाला काही सुचू नये?

सूरज चव्हाण जिंकला तेव्हा खूप रडले. सगळ्यांना वाटलं आनंदाने. सुरुवातीला तोही कोपऱ्यात असायचा. मोढवे गावचं पोर, आईबाप नाहीत, शाळा अर्धवट सुटलेली, टास्कमधलं काय काय त्याला समजावून सांगावं लागायचं. रात्री अंथरुणावर मी मनाशी म्हटलं, बघ, गरीब स्वभावाचा माणूसही जिंकतो. पण झोप काही येईना, कारण ते खरं नव्हतं. सूरज गप्प नव्हता. त्याला खुपलं की तो उभा राहायचा, समोर कोण आहे ते न बघता आवाज चढवायचा. आणि अंकिता, पॅडीदादा, डीपी ही माणसं त्याच्या बाजूला आहेत हे सगळ्या घराला ठाऊक होतं. समोरचा गट, टीम ए, मोठमोठ्याने बोलणारी, जोरात दिसणारी. पण भाऊच्या धक्क्यावर, म्हणजे रितेश देशमुख सगळ्यांची हजेरी घ्यायचा त्या भागात, त्यांच्यातल्या निक्कीला तिच्या पाठीमागचं बोलणं दाखवलं आणि तिथून त्यांचं बिनसत गेलं.

मी कधी कुणाच्या पाठीमागे बोललेले नाही. याचा मला अभिमान होता.

आणि मग दोन वर्षांपूर्वीचा दसरा आठवला. आठवला काय, तो कधी विसरलाच नव्हता. आईंच्या पाटल्या कपाटात नव्हत्या. वन्संनी सगळ्यांदेखत धाकट्या जावेकडे बघून विचारलं, "सकाळी आत कोण गेलं होतं?" धाकटी सकाळपासून माझ्याजवळ बसून पुरणयंत्र फिरवत होती. तिची बोटं पुरणाने माखलेली होती. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी स्वयंपाकघरात गेले. चटणी केव्हाच वाटून झाली होती, तरी मी मिक्सर लावला.

पाटल्या नंतर गादीच्या खोळीत सापडल्या. त्यावर कुणी काही बोललं नाही. दिवाळीच्या आत धाकटीने भाड्याने जागा बघितली. ह्यांना त्या वेळी काय वाटलं ते मी विचारलं नाही... ते जाऊ दे.

मी तिचं नाव घेतलं नव्हतं. कुणाचंच घेतलं नव्हतं. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण त्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माझ्याकडे बघितलं होतं. दाखवायला कुणी नव्हतं, तरी तिला मी दिसले होते.

आज पांढरा रंग. पांढरी साडी नेसून दिवा लावला, घटाला पाणी घातलं. धान बोटभर वर आलंय. दुपारी सगळे आडवे झाल्यावर गच्चीत जाऊन धाकटीला फोन केला. वाटलं होतं उचलणार नाही. उचलला, आणि तिने एकदम सुरुवातच केली, "वहिनी, जिंकला ना आपला सूरज! मी एकटीच बसून पाहिलं." मग आम्ही जान्हवीवरून वाद घातला. ती म्हणे, फिनालेत नऊ लाखांची बॅग उचलून खेळ सोडून गेली ते शहाणपणाचं झालं. मी म्हटलं, एवढं निभावून शेवटच्या दिवशी कसली जातेस! पुष्कळ दिवसांनी तिला हसताना ऐकलं.

मग मी म्हटलं, "त्या दसऱ्याला मी बोलायला हवं होतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग हळूच म्हणाली, "मिक्सर रिकामा फिरत होता ना, वहिनी? आवाजावरून कळलं होतं मला."

माझ्या तोंडून फक्त "हो" गेलं.

अष्टमीला ये म्हटलं. "बघते," म्हणाली. म्हणाली ती रागाने नव्हे. पण त्या घरात कुठल्या तोंडाने येऊ, हे तिने विचारलं नाही तरी मला ऐकू आलं.

पोरगं म्हणतं तसं झालं तर होवो. पहिल्या आठवड्यात बाहेर, तर बाहेर. वन्सं दसऱ्यापर्यंत इथेच आहेत. सकाळी साडेसातला आई, वन्सं, हे, सगळे एकत्र चहाला बसतात. दूध आता रात्रीच तापवून ठेवलंय, म्हणजे उद्या मला मधेच उठून आत जावं लागणार नाही.