वीस दिवसांत वाचणार कोण?

जुलै 2020 मध्ये भाच्याने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. "मामी, ह्यावर दाब, पत्र आपोआप दिल्लीला जातं." दाबली. इंग्रजीतले लांबलचक पत्र उघडले, खाली माझे नाव. त्यात माझे म्हणावे असे तेवढेच होते. मी ते पाठवले नाही.

पत्र होते पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाला परवानगी देण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या नियमांच्या नव्या मसुद्यावर, ईआयए 2020 वर. 11 एप्रिलला तो राजपत्रात आला तेव्हा आम्ही गोव्यात, डिचोलीत टाळेबंदीमुळे भाजीच्या गाडीची वाट बघत होतो. हरकतींची मुदत वाढत वाढत शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट केली. मसुदा आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांत द्या, असेही सांगितले. त्यांत मराठी आहे, कोकणीही आहे. माझ्या हाती मात्र इंग्रजीच लागला.

छापून आणला आणि 2006 ची जुनी अधिसूचना शेजारी ठेवली. निम्मे डोक्यावरून गेले. मग पेन्सिल घेऊन फक्त जनसुनावणीचा भाग काढला. तिथे सापडले: सुनावणीची नोटीस पूर्वी किमान 30 दिवसांची, आता 20. पुढे आणखी एक. परवानगीशिवाय काम सुरू केल्याचे कोणी कळवले तर दखल घ्यायची, त्यांची यादी होती: स्वतः प्रकल्पवाला, सरकारी यंत्रणा, समित्या. गावकरी कुठेच नाही! चोराने स्वतः येऊन सांगावे, शेजाऱ्याने गप्प बसावे.

शेजारचे काका पडवीत बसले होते. खाणी चालू होत्या तेव्हा पावसात डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाची, लाल माती त्यांच्या शेतात उतरायची. ती काढण्यात आठवडे जायचे. वीस दिवसांचे कलम वाचून दाखवले तर म्हणाले, "हें कोणाक कळटलें?" हे कोणाला कळणार? मला माझे पत्र मिळाले.

दीड पान झाले, मराठीत. प्रकल्पाचा अहवाल जाडजूड, इंग्रजीत. तो सरकारी कार्यालयात जाऊन बघायचा. काकांचे कोणीतरी कामावरून रजा काढून जाणार, मग कोणाकडून तरी समजून घेणार. भर पावसात शेत सोडता येत नाही. वीस दिवसांत हे होणार कसे, एवढेच विचारले. परवानगीआधीच काम सुरू करणाऱ्याला मागाहून मान्यता देण्याची वाटही बंद करा, असे खाली लिहिले. ग्रामसभा कोविडमुळे भरत नव्हती, म्हणून घरोघरी फिरून सह्या घेतल्या. मास्क लावून, प्रत्येकाने आपापल्या पेनाने. अकरा झाल्या. एका घरी "खाण परत सुरू व्हायला हवी, आमचा ट्रक उभा आहे" म्हणून सही नाकारली. 2018 पासून खाणी बंद होत्या, त्यांचेही चूक नव्हते. आमच्या वाड्यावर ही फाटाफूट नेहमीचीच.

ईमेल भाच्याने केला. माझा भरवसा कागदावर, म्हणून स्पीड पोस्टही केले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या धांदलीत पावती डब्यात गेली. उत्तर आले नाही.

तो मसुदा अंतिम झालाच नाही. देशभरातून लाखो पत्रे गेली होती. त्यात आमच्या दीड पानाचे वजन किती, कोण जाणे. 2023 मध्ये डिचोली खाणपट्ट्याची जनसुनावणी लागली तेव्हा नियम 30 दिवसांचाच होता. काका कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत बसले होते.