अखेर राजीनामा दिला

आज राजीनामा पाठवला. मेल कधीचा ड्राफ्टमध्ये पडून होता, धीरच होत नव्हता. मैत्रीण म्हणाली, "मी फोनवरच आहे, तू पाठव." सेंड दाबेपर्यंत तिने खरंच फोन ठेवला नाही.

रविवार संध्याकाळपासून पोटात येणारा गोळा, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर होणारा पाणउतारा, सगळं माझ्या मित्रमंडळींनी महिनोन्महिने ऐकून घेतलं. "सगळीकडे असंच असतं गं" म्हणून कुणी उडवून लावलं नाही, याचं मला फार मोल आहे. एकाने तर माझं नेमणूकपत्र ओळ न् ओळ वाचून नोटीस पिरियड, शिल्लक रजा, रिलीव्हिंग लेटर सगळं समजावलं.

पुढची नोकरी अजून हातात नाही. धाकधूक आहेच. पण आज पोटभर जेवले. नोटीस संपली की भेटायचंय, तारीख तुम्हीच ठरवा रे!