कानाची पाळी

परवा दुपारी कॉलेजच्या पोरी आमची महारोग्यांची वसाहत बघायला आल्या होत्या. अधूनमधून येतात अशा. एकीला मी स्टीलच्या ग्लासात चहा दिला. तिने तो सरळ मुठीत घेतला, "आई गं!" म्हणून ओट्यावर आदळला आणि दोन बोटांनी झटकन कानाची पाळी धरली. बाकीच्या खिदळल्या, मीही हसले. पोरी गेल्या, भांडी घासून झाली, तरी माझ्या डोक्यातून ती पाळी जाईना.

तुम्ही सगळेच करता हे. तव्याला बोट लागलं की कान, कुकरची शिट्टी हातात आली की कान. कुणी शिकवलेलं नसतं. लहानपणी मीही करत असणार. मला चटका असा शेवटचा कधी बसला होता ते आठवायला बसले, तर काहीच हाती लागेना. भाजल्याच्या खुणा हातभर आहेत. चटका एकही आठवत नाही.

या रोगात गरम-थंड कळणं आधी जातं. टोचल्याचं, दुखल्याचं मागाहून. हे मला कळलं ते तालुक्याच्या दवाखान्यात. दंडावर एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून घरात कुणी मनावर घेतला नव्हता. डॉक्टरांनी दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत ऊन पाणी, दुसरीत गार. मला डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावर एकेक नळी टेकवत विचारू लागले, "ऊन की गार?" मला काही लागतच नव्हतं, तर सांगणार काय? तेवढ्यात मागून आई खोकली. मी म्हटलं, ऊन. मग आई गप्प. मी म्हटलं, गार. असं बराच वेळ चाललं आणि सगळी उत्तरं बरोबर आली. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण कॉपी पुरवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. शेवटी डॉक्टर नळ्या खाली ठेवून म्हणाले, "बाई, खोकल्याचं औषध देऊ का?" आणि त्यांनी आईला बाहेर बसवलं.

माझ्या पाठच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. त्यामुळे मी इथे आले. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तर कान. आमच्या पिढीतल्या वसाहतवाल्यांच्या पाळ्या नीट बघा, बारीक रेघा दिसतील. पाळी चिमटीत घट्ट दाबायची, रक्त हटून ती पांढरी पडली की पात्याने छोटीशी चीर द्यायची, आतला रस खरवडून काचेवर पसरायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दर तपासणीला हे ठरलेलं. कानच का, असं मी एकदा विचारलं. कंपाउंडर ओरडला, पण डॉक्टर भले होते. म्हणाले, पाळी म्हणजे शरीरातला गार भाग आणि या जंतूला गारवा लागतो. म्हणून नाक, कान, हातपाय आणि कातडीजवळून जाणाऱ्या कोपरा-गुडघ्याच्या, जाणीव नेणाऱ्या शिरा. पोटात-काळजात तो फारसा रमत नाही. 1873 मध्ये हॅन्सन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने तो शोधला, पण काचेच्या बशीत वाढवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. अमेरिकेतल्या खवल्याखवल्यांच्या आर्माडिलो नावाच्या प्राण्याचं अंग आपल्यापेक्षा गार असतं, त्याच्यात मात्र तो 1971 मध्ये वाढला. म्हणजे बघा, तुमचं भाजलेलं बोट आणि आमचा जंतू, दोघांनाही गारव्यासाठी एकच जागा सापडली. हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं. का, ते सांगता येणार नाही.

वसाहतीत तेव्हा एक म्हातारी होती, आधी दत्तपूरला राहिलेली. वर्ध्याजवळचं मनोहरजी दिवाणांचं कुष्ठधाम, 1936 सालचं. ती आम्हा पोरींना कायम हिणवायची. तुम्ही गोळ्या खाऊन सुटता, आम्ही कडू कवठाच्या तेलाच्या सुया घेतल्यात! तेल दाट, सुई जाड, आणि टोचलेली जागा पुढे गळूसारखी सुजायची. जिथे जाणीव शाबूत होती तिथेच नेमकी ती सुई बसायची, असं तिचं म्हणणं. आम्हाला डीडीएसच्या पांढऱ्या गोळ्या. वर्षानुवर्षं तेच. ऐंशीच्या दशकात तीन औषधं एकत्र द्यायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या घरांच्या ओळीत बोंब उठली, सगळ्यांना लघवी लाल! "मायबाई, रगत चाललं वं," म्हणून एक बाई देवाला नवस बोलून मोकळी झाली. औषधाचाच रंग होता तो. दुसऱ्या गोळीने कातडी काळवंडली. मूळच्या गोऱ्या बायकांना त्याचं फार लागलं, आम्हा सावळ्यांना जरा सूड घेतल्यासारखं वाटलं.

पण गेलेली जाणीव औषधाने परत येत नाही. जंतू मरतो, शीर मेलेली ती मेलेलीच. त्यामुळे वसाहतीतला निम्मा संसार म्हणजे गरम काय आणि थंड काय याची चौकशी. मी सामायिक स्वयंपाकघरात भाकरी करायचे. तव्यावरची भाकर बोटांनी उलटायचे तेव्हा नव्या बायका बघत राहायच्या. कौतुक संध्याकाळपर्यंत टिकायचं, मग फोड दिसायचे. पुढे मला उलथनं सक्तीचं झालं. आमच्या यांची बिडी तर बोटांच्या बेचक्यात जळत खाली यायची आणि यांना पत्ता वासावरून. तंबाखूचा वास बदलला की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, टाका!" रात्री बोटं उंदरांनी कुरतडली तरी जाग यायची नाही, म्हणून घरोघरी मांजर. मे महिन्यात विदर्भातल्या डांबरी रस्त्यावर अनवाणी सरळ चालत जाणारा माणूस दिसला तर तो तपस्वी समजू नका. मऊ काळ्या रबराच्या चपला दवाखान्यातून मिळायच्या, तळाला खिळा म्हणून नाही, पण लग्नाकार्यात त्या घालायला सगळ्यांना लाज. त्या चपलेवरून दुरूनच आम्ही ओळखू यायचो ना.

या सगळ्यावर उपाय एकच होता, पोरं. आमची पोरं धडधाकट जन्मली आणि कळती झाल्याबरोबर कामाला लागली. सकाळी अंघोळीची वेळ झाली की ओळीत हाका सुरू, "ए पोट्ट्या, हात घालून पाह्य बरं पाण्यात!" आमची पोरं म्हणजे थर्मामीटर, आणि मोठे मिजासखोर. माझा मुलगा गुळाचा खडा घेतल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही. निपुत्रिक म्हाताऱ्यांकडे तो खड्याऐवजी गोष्ट मागायचा. एका म्हाताऱ्याची गोष्ट इतकी लांबायची की पाणी निवून जायचं, मग दुसरी बादली तापवा आणि दुसरी गोष्ट ऐका. मुलगा इतकी वर्षं पुण्याला आहे. त्याने गीझर बसवून दिलाय, वर आकडे दिसतात. आकडे बघून अंघोळ करायची हे मला अजून पटलेलं नाही. बेचाळीस म्हणजे कसं लागतं, हे मला कोण सांगणार?

आता ओळीत आम्ही चौघी उरलोय. नवं कुणी राहायला येत नाही आणि ते येऊ नयेच. सहा महिने किंवा वर्षभर फुकट औषध घ्यायचं आणि घरच्या माणसांतच राहायचं. नवे रुग्ण देशात अजूनही वर्षाला लाखाच्या घरात निघतात म्हणे, पण वसाहतीची गरज त्यांना नाही. चौघींतल्या एकीला नवऱ्याने सोडलं ते कोर्टात जाऊन, महारोगाचं कारण देऊन. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तशी सोय होती. 2019 मध्ये ती काढली. नातवाने पेपरात वाचून दाखवलं तेव्हा मी धावत तिला सांगायला गेले. ती तांदूळ निवडत होती. "बरं झालं," म्हणाली, "पण तो तं मेला ना वं." आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

तर अडचण अशी, की चौघींत मिळून पाण्यात हात घालून सांगेल असा एकही हात नाही. कोपर लावून बघा, नर्सबाई म्हणतात. तिघींची कोपरंही गेलेली, चौथीचं एक बरं आहे पण ती सकाळी उठत नाही. म्हणून गीझर बंदच ठेवतो. माघ-पौषातही नळाखाली बसतो. बघणाऱ्यांना कीव येते, पण पाणी गार असतं ते नळाला. आम्हाला काय त्याचं.