तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नुसती सुपारीच खातो, मग तोंड कशानं आखडलं?’

माझ्या दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न बहुतेक वेळा आईच विचारते. विशी-बाविशीतला पोरगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. “मॅडम, तंबाखूला हात लावत नाही हो तो. नुसती सुपारीच खातो.”

सुपारीनंच आखडलं. तंबाखूनं कॅन्सर होतो हे शाळकरी पोरालाही पाठ आहे, पण गाल ताठ करण्याचं काम सुपारीचं. तिच्यातल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे, म्हणजे चिवट प्रथिनाचे, तंतू साठत जातात आणि ते विरघळण्याची क्रिया मंदावते. मी आत बोट घालून चाचपते तेव्हा उभे पट्टे लागतात, ताणलेल्या सुतळीसारखे. गुलाबी रंग जाऊन आतली कातडी पांढुरकी पडलेली असते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातूनच पुढे काहींना तोंडाचा कॅन्सर होतो, तंबाखू कधी न खाताही.

आपल्या कोल्हापुरात याची पहिली खूण ताटात दिसते. पोरगं तांबडा रस्सा बाजूला सारून पांढऱ्यावर येतं. मिसळीला कट नको म्हणतं. घरच्यांना वाटतं, पित्त वाढलं असेल. खरं तर त्याचं तोंड आतून भाजत असतं. तेव्हाच आणलंत तर पुष्कळ काही वाचवता येतं. पण आणतात ते वडापावचा घास जाईना झाल्यावर. घरी बघायचं तर त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. निरोगी तोंडात ती सहज जातात.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत रात्रपाळी करणारी पोरं सांगतात, झोप उडवायला मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेलं मिश्रण, लागतो. त्यांना मी रागवत नाही. भट्टीपुढं पहाटे चार वाजता डोळे उघडे कसे ठेवायचे, याचं उत्तर पाळ्या लावणाऱ्यांनी द्यायला हवं.

मग “बंदी आहे ना?” असंही विचारता. आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालचा तो आदेश एका वर्षापुरताच निघतो, म्हणून दरवर्षी नव्यानं काढावा लागतो. निपाणीच्या बाजूला, कर्नाटकातही २०१३ पासून बंदी आहे. सुगंधी सुपारी आणि मावाही आपल्याकडच्या बंदीत येतात, तरी टपरीवर मावा समोर घोटून मिळतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकली तर दंड २०० रुपयांपर्यंत. मला चीड येते ती इथं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ मध्ये मुलाच्या हातात तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. पालक-शिक्षक सभेत या कलमाचं नाव काढा आणि तक्रार लेखी द्या. साध्या सुपारीच्या पुडीला मात्र हे कलम लागत नाही, आणि बालवाडीतल्या पोराच्या हातातही तीच असते.

तोंड एका बोटापुरतं उरलेल्या पोराला भाकरीचा घास घेता येत नाही, दाढा घासता येत नाहीत. उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना नळी घालणं अवघड जातं. तरी दिव्यांग कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत या त्रासाचं नाव नाही. ते यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

“सोडल्यावर परत उघडेल?” पूर्वीइतकं नाही. लाकडी पट्ट्यांचा रोजचा व्यायाम आणि इंजेक्शनं यांनी थोडं मोकळं होतं, पण सुपारी चालू असेल तर सगळं वाया. सोडताना आधार लागला तर तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला १८००-११-२३५६ वर फोन करा, मोफत आहे. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि पुढच्या वेळी येताना धाकट्यालाही सोबत आणा.