तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या महागाचं लावून का होते?

"ताई, ते तीन-चार हजाराचं लावून का होते वं? का नुसते नावाचेच पैसे?"

पार्लरच्या खुर्चीत बसलेली नवरी असो की रेशनच्या रांगेतल्या काकू, हा प्रश्न मला चुकत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीपासून थोडं आत माझं गाव आणि तिथेच माझं पार्लर. लग्नसराईत नवऱ्या सजवायच्या, एरवी आयब्रो आणि फेशियल. नाद मात्र महागड्या मेकअप-क्रीमच्या वस्तूंचा. बड्या ब्रँडचं काही आलं की आणायचं, लावून पाहायचं आणि कुणी विचारलं की खरं काय ते सांगायचं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

उत्तर आधीच देते, म्हणजे ज्यांच्या गॅसवर कुकर आहे त्या मोकळ्या. फाउंडेशन, लिपस्टिक अशा रंगाच्या वस्तूंत पैशानं फरक पडतो. क्रीम-सीरममध्ये बहुतेक वेळा पडत नाही. सनस्क्रीनमध्ये पडतो, पण तुम्हाला वाटतं त्या कारणानं नाही.

"एवढं परवडते कसं?" हा याच प्रश्नाचा शेपूट-प्रश्न. एकटीला नाहीच परवडत. आमची भिशी आहे. भांड्यांची असते, साडीची असते, तशी ही बाटल्यांची. सगळ्या पैसे टाकतात, एक वस्तू येते आणि छोट्या डब्यांत वाटून घेतली जाते. पंपाची बाटली असली तर सोपं. उघड्या तोंडाची बरणी असली तर उकळून कोरडा केलेला चमचा वापरायचा, आणि बोट घालणारीला दंड. मस्कारा-काजळ मात्र वाटत नाही. एकीचे डोळे आले तर सगळ्यांचे येतील. पार्सल गावात येत नाही. कुरिअरवाला फोन करून आर्वीला बोलावतो, आणि आपण जाईपर्यंत ते पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतं. हे पत्र्याचं शेड लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मुंबई-पुण्याच्या मुली जे सांगतात ते खोटं नसतं, फक्त ते आमच्या हवेचं नसतं. मुंबईच्या दमटपणात घाम अंगावरच राहतो, मेकअप ओघळतो. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. घाम आला तसा वाळतो आणि मागे मीठ सोडतो. मेकअप ओघळत नाही, तडकतो, आणि तोही आधी नाकपुड्यांच्या कडेला आणि हसल्यावर पडते त्या घडीत. जुलै लागला की आमचीही मुंबई होते. म्हणून एखादी वस्तू नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भट्टीसारखे नऊ दिवस, आणि पावसाळा दोन्ही पाहिल्याशिवाय मी तिला चांगली म्हणत नाही.

माझी कसोटी साधी आहे. अर्ध्या चेहऱ्यावर महागडं लावायचं, अर्ध्यावर बाजारातलं. वरून पांढरा सुती दुपट्टा, डोळे तेवढे सोडून, गच्च बांधायचा. उन्हात आमच्याकडे सगळ्याच बायका तसा बांधतात. मग स्कूटीवर आर्वीला जाऊन यायचं आणि घरी आल्यावर दुपट्टा सोडून पलंगावर उलटा पसरायचा. बाजारातल्या बाजूला अख्खा गाल उमटलेला असतो, ओठाची कडसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. दुसऱ्या बाजूला नाकाच्या शेंड्याचा एक ठिपका आणि हनुवटीखाली गाठ घासते तिथे फिकट पट्टा, एवढंच. ही दुसरी बाजू होती एस्टी लॉडरच्या डबल वेअरची. हे फाउंडेशन 1997 पासून बाजारात आहे आणि 24 तास टिकतं असा त्याचा दावा आहे. 24 तास काही मी बसून पाहिलं नाही, पण हळदीनंतरच्या दुपारपासून वरात निघेपर्यंत टिकतं, आणि नवरीला तेवढंच लागतं.

ते टिकतं कसं? अशा फाउंडेशनमध्ये झटकन उडून जाणारा एक पातळ द्रव असतो. तो उडाला की रंगाला धरून ठेवणारा थर कातडीवर बसतो, आणि तो थर कापडाला सहजासहजी दाद देत नाही. गंमत अशी की हाच द्रव आमच्या मे महिन्यात इतक्या झपाट्यानं उडतो की दोन्ही गालांवर एकदम ठिपके दिले तर एक गाल पसरवेपर्यंत दुसऱ्यावरचे वाळलेले असतात. म्हणून इथे एकेक भाग घ्यायचा, आधी कपाळ, मग एक गाल, आणि कूलरचं तोंड दुसरीकडे फिरवून ठेवायचं. हे कुठल्या बाटलीवर छापलेलं नसतं.

पण टिकण्यापेक्षा मोठं कारण रंगाच्या छटेचं, म्हणजे शेडचं आहे. गावच्या जनरल स्टोअरमध्ये फाउंडेशनचे दोन-तीन रंग मिळतात, आणि ते सगळे आपल्यापेक्षा गोरे. त्यातूनच ती चुन्याचा चेहरा आणि सावळी मान असलेली नवरी तयार होते, जी आपण प्रत्येक अल्बममध्ये पाहिली आहे. 2017 मध्ये फेंटी ब्यूटी या ब्रँडनं एकदम 40 शेड काढल्या, तेव्हा बाकीच्या कंपन्यांनाही हातपाय हलवावे लागले. मॅक या ब्रँडच्या एनसी रांगेत, म्हणजे पिवळसर झाकेच्या कातडीसाठी असलेल्या रंगांत, माझ्या बहुतेक नवऱ्या 40 ते 45 च्या आसपास सापडतात. शेड हातावर पाहू नका. जबड्याच्या कडेला लावा, ट्यूबलाइट सोडून दाराशी या आणि थोडा वेळ थांबा, कारण बरीच फाउंडेशनं हवा लागल्यावर गडद होतात. अशी बरोबर शेड लागलेल्या एका नवरीला पाहून तिची आजी म्हणाली, "आपलीच पोट्टी हाय वं. फक्त चांगली झोप झाल्यासारखी दिसते." यापेक्षा चांगला शेरा मला अजून कुणी दिला नाही.

लिपस्टिकचं थोडक्यात सांगते. मॅकची रुबी वू सारखी कोरडी मॅट कांडी उन्हात धीर धरते, क्रीमी कांडीला मे महिन्यात घाम फुटतो. आणि कितीही महाग असली तरी पंगतीतल्या तर्रीपुढे लिपस्टिकचं काही चालत नाही. तेल रंग सोडवतं. नवरीला जेवल्यावरच शेवटचा हात द्यायचा.

आता सनस्क्रीन. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडवतं तो आकडा, प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतकं लावून मोजतात. चेहरा आणि गळा धरला तर अंगठ्याशेजारचं आणि मधलं बोट यांच्यावर पूर्ण लांबीची एकेक रेघ, एवढं ते होतं. आमच्या भिशीतल्या बायका महागडं सनस्क्रीन किती लावतात, माहीत आहे? हरभऱ्याच्या दाण्याएवढं. "दीड हजाराची ट्यूब आहे, पुरवून पुरवून लावते." झालं! एवढंसं लावलं तर 50 चा आकडा फक्त ट्यूबवरच राहतो. एसपीएफ 30 उन्हातले जाळणारे किरण साधारण 97 टक्के अडवतं आणि 50 साधारण 98 टक्के, म्हणजे आकड्यापेक्षा लावण्याची मापं जास्त महत्त्वाची. या हिशेबानं महागडं सनस्क्रीन घेऊन कंजूषपणा करणारीपेक्षा स्वस्तातली मोठी ट्यूब सढळ हातानं लावणारी शहाणी.

मग महागाचा उपयोग काय? स्वस्त सनस्क्रीनपैकी पुष्कळ दोन बोटं लावलं की सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं, चिकचिकतं, डोळ्यांत गेलं की आग होते. बाई चार दिवस लावते आणि ट्यूब कपाटात जाते. महागडं पाण्यासारखं पसरतं, दिसत नाही, म्हणून रोज लावावंसं वाटतं. म्हणजे पैसे तुम्ही जास्त संरक्षणाला देत नाही, लावायचा कंटाळा येऊ नये म्हणून देता. दोनशे-तीनशेतलं एखादं तुमच्या चेहऱ्यावर दिसत नसेल तर पैसे वाचले. गालावर वांग असलेल्या बायकांनी मात्र थोडा खर्च करून रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्यावं. त्यात आयर्न ऑक्साइड हा रंग देणारा घटक असतो, आणि तो उजेडही अडवतो. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वाढतं, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही.

आणि जी दिवसभर निंदणाला किंवा वेचणीला जाते, तिला मी सनस्क्रीन विकत घ्यायला सांगतच नाही. दर दोन तासांनी कपाशीच्या ओळीत उभं राहून कोण लावणार? लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्या-तोंडाला दुपट्टा, हे तिचं सनस्क्रीन. घामानं उतरत नाही, धुता येतं.

क्रीमबद्दल माझं मत ऐकून भिशीतल्या दोघी रुसल्या होत्या, तरी लिहिते. आमच्याकडे एकीच्या बहिणीकडून क्रेम द ला मेरचा छोटा नमुना आला होता. 30 मिलीच्या डबीला पाच आकडी पैसे पडतात असं हे क्रीम. मॅक्स ह्यूबर नावाच्या शास्त्रज्ञानं भाजलेल्या कातडीसाठी समुद्री शेवाळ आंबवून ते तयार केलं, अशी कंपनी कथा सांगते. डिसेंबरात गाल उलतात तेव्हा लावलं. गाल मऊ झाले, यात खोटं नाही. पण डबीवरची यादी वाचली तर शेवाळाच्या अर्कापाठोपाठ खनिज तेल, पेट्रोलियम जेली आणि ग्लिसरीन येतात, आणि यांनी गाल मऊ व्हायलाच हवेत. हीच त्रिमूर्ती किराणा दुकानातही मिळते. वास, स्पर्श, डबी उघडतानाचं सुख या गोष्टी खऱ्या आहेत, ज्याला हवं त्यानं त्याचे पैसे द्यावेत. कातडीला ते कळत नाही.

यादी वाचायची एक युक्ती सांगते. घटक जास्त ते कमी अशा क्रमानं लिहितात, पण एक टक्क्याच्या खालचे कसेही लिहायची मुभा असते. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवणारं द्रव्य साधारणपणे एक टक्क्यापर्यंतच वापरतात. तेव्हा ज्या केशराच्या, मोत्याच्या किंवा सोन्याच्या नावानं पैसे घेतले, ते यादीत त्याच्या नंतर सापडलं की समजून घ्या, नावापुरतं आहे.

अपवाद एकच सांगेन, व्हिटॅमिन सीचं सीरम, आणि आता ते पत्र्याचं शेड आठवा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या कामातून स्किनस्यूटिकल्स कंपनीचं सी ई फेरुलिक हे सीरम आलं: 15 टक्के व्हिटॅमिन सी, 1 टक्का व्हिटॅमिन ई, अर्धा टक्का फेरुलिक आम्ल. हे जुळवणं खरंच कठीण काम, कारण व्हिटॅमिन सी ऊन, हवा आणि उष्णता यांनी बिघडतं. ताजं असताना पाण्यासारखं किंवा फार तर फिकट पिवळं दिसतं, बिघडलं की चहासारखं होतं. चहाच्या रंगाचं सीरम फेकायचं, चेहऱ्याला लावायचं नाही. कितीही मोठ्या ब्रँडचं असू द्या, मे महिन्यात शेडमध्ये तापत पडलेल्या सीरमची खात्री मी देणार नाही. मागवायचंच तर दिवाळीनंतर मागवा, लहान बाटली घ्या, आणि फ्रिजच्या दारात नाही, आत ठेवा.

मला खरी धास्ती महाग वस्तूंची नाहीच. पाकिटावर नीट नाव नसलेल्या "आठ दिवसांत गोरं" करणाऱ्या डबीची आहे. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला इजा झाली, मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली, आणि लावत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडी उजळवतो, म्हणून तो घालतात, कायद्यानं बंदी असूनही. दुसरं मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम. ते खाजेसाठी, इसबासाठी असतं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं. बाई ते गोरेपणासाठी सहा-सहा महिने फासते. सुरुवातीला चेहरा खुलतो, मग कातडी पातळ होते, लालबुंद पडते, लव वाढते, आणि बंद केलं की आगडोंब. अशी कुणी आली तर मी तिला फेशियल करत नाही. एकदम बंदही करू नको म्हणते, आणि सेवाग्राम किंवा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या स्किन ओपीडीचा रस्ता दाखवते. "तुमच्यापाशी एखादी भारीतली क्रीम नाई का वं याच्यावर?" नाही. याच्यावर कुठलीच भारीतली क्रीम नाही.

"मंग माह्याजवळ पाच हजार हायेत, का घेऊ?" रोजच्याला साधं ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर आणि दिसत नाही असं सनस्क्रीन, दोन्ही मिळून हजारात बसतं. फोटो काढून घ्यायची हौस असेल तर आपल्या शेडचं एक चांगलं फाउंडेशन घ्या, पण आधी माझ्या दाराशी येऊन जबड्याला लावून पाहा. परदेशी वस्तू असेल तर पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख शोधा. आठवडी बाजारात शंभर रुपयांत मिळणाऱ्या मोठ्या नावाच्या डबीवर हे काही नसतं. नवीन काहीही आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा. सीरम, आय क्रीम, रात्रीचं क्रीम, मानेचं वेगळं क्रीम यांच्या भानगडीत पडू नका. पैसे उरले तर भिशीत या. पुढच्या खेपेला टिंटेड सनस्क्रीन येतंय आणि एक जागा रिकामी आहे. दंडाचा नियम तुम्हालाही लागू.